झोडणीच्या दिवसांत मी गप्प बसलो

पाड्यावर भाताची झोडणी सुरू झाली की माझं डोकं फिरतं. सकाळी दव असतं तोवर सगळं शांत. ऊन खळ्यावर आलं की पहिली पेंढी फळीवर आपटते, धप्. मग पलीकडच्या खळ्यावरून धप्, ओहोळाच्या अंगानं धप्. दाणे उडतात, कुसळं मानेला चिकटतात, खाज सुटते, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचा न् ताज्या पेंढ्याचा वास नाकात जाऊन बसतो. लोकांना हा वास आवडतो. पोटाला येणार असतं ना. माझी स्वतःची जमीन कधी नव्हती, सगळी हयात दुसऱ्याच्या खळ्यावर झोडण्यात गेली, तरी मलाही आवडायचा. आता तो आवाज ऐकला की वाटतं, ही पेंढी कोणाच्या तरी पाठीत घालावी. कोणाच्या ते मला ठाऊक आहे. पाड्यालाही ठाऊक आहे.

वर्षातले हे दिवस थोडे. नागली कापून झालेली असते, भात खळ्यावर आलेलं असतं, आणि वीटभट्टीला जायला अजून पंधरा-वीस दिवस असतात. तेवढीच माणसं घरात. त्यानंतर अर्धा पाडा पोराबाळांसकट भिवंडीकडे जातो आणि घरांना कुडाची दारं लावलेली राहतात. म्हणून देवाचं, लग्नाचं, भांडणाचं, जे काय असेल ते याच दिवसांत उरकायचं. माझ्या बायकोचा निवाडा याच दिवसांत झाला. ती मेली तीही याच दिवसांत, मागच्या वर्षी. त्यामुळे ही झोडणी माझ्या घरात दोनदा येते.

तिचं नाव बुधी. बुधवारची जन्मली म्हणून बुधी. ती सुईण होती. आईकडून शिकली. आमच्या पाड्यावर आणि आजूबाजूच्या चार पाड्यांवर जी माणसं आज मिशा पिळत फिरतात त्यांच्यातली निम्मी पहिल्यांदा तिच्या हातावर ओरडलेली आहेत. तिचे हात लहान होते, बोटं बारीक, आणि नेहमी गार. बाळंतीण कळा देत असली की बुधी तिच्या पोटावर ते गार हात ठेवायची आणि म्हणायची, "ओरड बाय, लाज नको धरू. करणारा बाहेर बिडी पितोय, तू ओरड." बाहेर आम्ही सगळे बापे बिड्या पीत बसलेले असायचो, आणि ऐकू येत नाही असं दाखवायचो.

तिची धाकटी बहीण सोमी पोशेऱ्याला दिली होती. पाच बाळंतपणं झाली सहा वर्षांत. पाचव्याला रक्त थांबेना. झोळीत घालून, बांबूला बांधून आम्ही चार जणांनी तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. मी पुढच्या खांद्याला होतो. चढ होता. बुधी झोळीच्या बाजूनं चालत होती, एक हात आत घालून बहिणीच्या पोटावर दाबून. अर्ध्या वाटेवर तिनं तो हात बाहेर काढला आणि म्हणाली, "खाली ठेवा आता. घाई नाय." कोपरापर्यंत लाल हात होता. ओढ्यावर तिनं तो धुतला आणि बराच वेळ धूतच बसली. त्यानंतर ती आधीची बुधी राहिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जव्हारला दवाखान्यात सुईणींना शिकवायला बोलावलं होतं, तिथं ती गेली. आमच्या इथून कोणी बाई एकटी जायची नाही, ती गेली. परत आली तेव्हा डोक्यावर पत्र्याची पेटी होती. त्यात ब्लेड, दोरा, साबण, आणि खाली गोळ्यांची पाकिटं. तिथल्या सिस्टरनं तिला एक गोष्ट नीट समजावली होती, की पोट कधी राहावं आणि कधी राहू नये हे बाईला ठरवता येतं. आज हे भिंतीवर रंगवलेलं असतं, शाळेतली पोरंही वाचतात. तेव्हा आमच्याकडे हे कोणी तोंडातून काढत नव्हतं. बोलणारी आधी ती एकटीच होती.

ती बोलायची ओढ्यावर. बायका धुणं घेऊन यायच्या, तिथं बापे येत नसत. मी एकदा लाकडाची मोळी घेऊन वरच्या वाटेनं येत होतो तेव्हा ऐकलं. एक बाई विचारत होती, "बुधी, रोज एक गोळी खायची म्हणतेस. आणि विसरली तर?"

"भाकर खायला विसरतेस का?"

"भाकर नसली तर खात नाय."

"मग गोळी आहे ती खा. भाकरीचं पुढं बघू."

दुसरी म्हणाली, "माझा नवरा पिऊन येतो. त्यालाच काय गोळी नाय का तुझ्या पेटीत?"

"त्याला गोळी नाय गं, त्याला कुलूप लागतं. ते लोहाराकडं मिळतं."

अशा हसल्या की ओढ्यातले बगळे उडाले. मी वर उभा राहून गालातल्या गालात हसत होतो. मला काय माहीत पुढची पाळी माझी आहे.

आम्हाला दोन मुलं, आधी मुलगा, मग मुलगी. मुलीच्या वेळी बुधी जाता जाता राहिली. तिला स्वतःच ऑपरेशन करायचं होतं. जव्हारच्या सिस्टरनं डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाली, तुझ्या अंगात रक्त नाही, तुझं करता येणार नाही, नवऱ्याला पाठव, पुरुषाचं सोपं असतं. बुधी घरी आली, चुलीपुढे बसली, नागलीची भाकर थापता थापता हे सगळं सांगितलं आणि भाकर तव्यावर टाकली. मी तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. आमच्याकडे बैलाला खच्ची करतात ते मी पाहिलेलं होतं. दगडावर ठेवून ठेचतात. बैल कसा ओरडतो तेही ऐकलेलं होतं.

चौथ्या दिवशी मी तयार झालो, ते तिच्या पापण्या बघून. खरंच आत पांढऱ्या होत्या. पण मी अट घातली. "कोणाला कळता कामा नये. खच्ची माणसाला कोणी पोतं उचलायला घेणार नाय. तुझ्या तोंडातून निघालं तर मी घर सोडून जाईन."

"बरं," ती म्हणाली. एवढंच.

जव्हारला गेलो. पाव तासाचं काम. बैलासारखं काही नाही. डॉक्टर माझ्याशी पावसापाण्याच्या गोष्टी करत होता. गावात सांगितलं जांघेत गळू झालंय. आठ दिवस बसून खाल्लं, नवव्या दिवशी जंगलखात्याच्या कामावर जाऊन ओंडके उचलले. नंतर चाळीस वर्षं उचलत राहिलो. माझा जोर कुठं गेला नाही. गेली ती दुसरी गोष्ट.

आता निवाड्याचं. रावजी आमच्या पाड्याचा कारभारी, म्हणजे पंचांचा मुख्य. त्याचा शब्द खाली पडत नसे. त्या वर्षी झोडणीच्या तोंडावर त्याच्या सुनेचं पोट उतरलं, चौथ्या महिन्यात. ओल्या भाताचे भारे डोक्यावर वाहत होती, दुसरं काय होणार. बुधीची एक गोळी तिच्या घरात गेलेली नव्हती. पण कारभाऱ्यानं भगताला बोलावलं. आमच्याकडे भगत सुपात तांदळाचे दाणे टाकतो, फिरवतो, आणि दाणे कसे पडले त्यावरून सांगतो की कोणाची नजर लागली. नवीन तांदूळ होता, पांढराशुभ्र. सगळा पाडा कारभाऱ्याच्या खळ्यावर गोळा झाला. ऊन डोक्यावर होतं. भगत घुमला आणि म्हणाला, एक बाई आहे, पोटं बांधते, स्वतःचीही कूस तिनं खाल्ली आहे.

सगळे बुधीकडे बघायला लागले. कारभारी उठला आणि बोलला, "दोन पोरं झाली आणि पुढं काय नाय. नवरा तरणाताठा, बाई तरणी. सात वर्षं झाली. कुठं गेली पोरं? सांगा. ही भुताळी हाय. आधी स्वतःची खाल्ली, आता माझ्या घरात आली."

भुताळी म्हणजे माणसं खाणारी चेटकीण, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. भुताळी ठरलेल्या बाया मारून टाकल्याचं मी ऐकलेलं होतं.

बुधी माझ्याकडे बघत होती. बोलली नाही. तिनं शब्द दिलेला होता. नुसती बघत होती, आणि मला एक वाक्य बोलायचं होतं. माझं ऑपरेशन झालंय. एवढंच. चार शब्दसुद्धा नव्हते. मी खळ्याकडे बघत होतो. सारवणात एक मुंगी भाताचा दाणा ओढत चालली होती. ती मुंगी मला अजून आठवते. तिचा दाणा दोनदा उलटला. मी मान वर केली नाही.

मारलं नाही तिला. केस धरून खळ्याबाहेर काढली आणि वाळीत टाकली. तिच्या हातचं पाणी बंद, विस्तव बंद, बाळंतपणाला बोलावणं बंद. आम्ही घरी आलो. मी दारात बसलो. ती आत गेली, केस विंचरले, परत बांधले, आणि बाहेर येऊन म्हणाली, "पोतं उचलायला घेतील ना तुला?"

ती रागानं म्हणाली की खरंच विचारत होती हे मला आजही कळलेलं नाही. रागानं म्हणाली असेल अशी मी आशा करतो. कारण माफ केलं असेल तर मला ते पचत नाही.

लोकांना वाटलं ती आता घरात बसेल. उलटं झालं. एक दिवस तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि निघाली. म्हटलं, कुठं चाललीस, मारतील. ती म्हणाली, "भुताळीच्या वाटेला कोण येतो? आता तर मला रानातून एकटीला जाता येतं." आणि खरंच. समोरून बापे आले तर वाट सोडून झुडपात उभे राहायचे. दारुडे नवरे तिला बघून घरात शिरायचे. ती पाड्यापाड्यांवर फिरली, ओढ्यांवर बसली, आणि बायका लाकडाच्या नावानं, शेणाच्या नावानं तिच्याकडे येत राहिल्या. कोण कोण यायच्या ते मी लिहू शकतो. लिहिलं तर आमच्या पाड्यावरच्या मोठमोठ्या घरांतली माणसं उद्यापासून तोंड लपवून फिरतील. हात शिवशिवतात माझे. पण मरायच्या आधी बुधी म्हणाली होती, "बायकांची पोटं तुझ्या रागात वापरू नको." म्हणून लिहीत नाही. माझ्या रागावर तिचा एवढाच लगाम आहे.

मग वावर-वांगणीकडे लहान पोरं उपाशी मेली. ते सगळ्या देशाला कळलं. त्यानंतर आमच्या रस्त्यांवर जीपाच जीपा. साहेब, बाई, कागद, वजनाचे काटे. जे बुधी ओढ्यावर सांगत होती ते आता भोंग्यावरून सांगायला लागले. कारभारीही स्टेजवर चढला. लहान कुटुंब ठेवा म्हणाला. शाल पांघरून घेतलेला त्याचा फोटो अजून त्याच्या पडवीत आहे. मी जेव्हा जेव्हा तो फोटो बघितला तेव्हा तेव्हा मनात तो फोडला.

आणि बुधी त्या जीपांच्यापुढेही आडवी उभी राहिली. असंच भट्टीला जायच्या आधी एक गाडी आली, बायका भरल्या. बुधीनं आत डोकं घातलं आणि एका पोरीला विचारलं, "कुठं चाललीस गं?"

"रेशनकार्डाला."

"कोणी सांगितलं?"

"ह्या साहेबानं."

बुधीनं तिला हाताला धरून खाली उतरवलं. साहेब चिडला. म्हणाला, "बाई, तुम्हीच ना सांगत फिरता ऑपरेशन करा म्हणून? मग तुम्ही आमच्या बाजूच्या की विरुद्ध?"

"मी हिच्या बाजूची. हिला आधी विचारा. हो म्हणाली तर मी स्वतः गाडीत बसवते."

ती पोरगी त्या दिवशी गेली नाही. दुसऱ्या वर्षी आपल्या पायानं गेली, बुधीला बरोबर घेऊन. बुधीला त्यातला फरक कळत होता. विचारून केलेलं आणि न विचारता केलेलं. ती चौथीपर्यंतही शिकलेली नव्हती, मी तरी चौथी आहे.

निवाड्यानंतर नऊ वर्षांनी कारभाऱ्याची तीच सून अडली. मूल आडवं. भरदुपारी मागच्या दारानं बोलावणं आलं. मी म्हटलं, जाऊ नको, मरू दे त्यांना. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी दारातून बाजूला झालो. तिनं बाहेरून पोट चोळून चोळून मूल वळवलं. मुलगा झाला. कारभारी तेव्हा पुढच्या पडवीत बसून होता, त्याला काही माहीत नाही असं दाखवत. वाळीत टाकलेल्या भुताळीचं पाणी चालत नव्हतं, पण नातू चालला. त्या मुलाचं नाव दिनेश. हळूहळू वाळीत टाकलेलं लोक विसरले, म्हणजे पाणी प्यायला लागले. पण भुताळी हा शब्द कोणी परत घेतला नाही. तो तिच्या नावाला चिकटून राहिला, लहान पोरं तिच्या सावलीवरून उडी मारायची ती शेवटपर्यंत.

मागच्या वर्षी झोडणी चालू असताना ती गेली. दोन दिवस ताप, मग श्वास. मुलगा भट्टीचं ठरवायला भिवंडीला गेलेला, तो पोचेपर्यंत संपलं. मुलगी दाभोशाला दिलेली, ती आली. तिरडी उचलली. मी पुढं होतो. मागं कसला तरी बारीक आवाज आला, पानांवर पाऊस पडावा तसा. वळून बघितलं तर दोन माणसं वाटेवर मोहरी टाकत होती, मूठमूठ. भुताळी परत येऊ नये म्हणून टाकतात. ती रात्री आली तर एकेक दाणा वेचत बसेल आणि तेवढ्यात उजाडेल, असं. लांब आंब्याखाली कारभारी काठीवर हात ठेवून उभा होता. त्यानंच सांगितलं होतं.

जिनं पाड्याची पोरं हातावर घेतली तिनं परत येऊ नये म्हणून मोहरी! माझ्या खांद्यावर तिचं वजन होतं, नाहीतर त्या दिवशी दोन तिरड्या झाल्या असत्या. वर्षभर मी एकच विचार केला. भाकर खाताना केला, झोपेतून उठल्यावर केला. त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं, सगळ्यांच्या देखत, की भगताचे दाणे खोटे होते.

या वर्षी त्याच्या खळ्यावर झोडणी लागली त्या दिवशी मी गेलो. दुपार होती. चौघे जण झोडत होते, त्यात दिनेशही होता. कारभारी बाजेवर बसलेला, पाय खाली सोडून. ऐंशीच्या पुढं गेलाय, पण दात शाबूत.

"ये लहान्या, बस. चहा घे."

"चहा नको. बुधी भुताळी नव्हती."

"मेल्या माणसाचं कशाला काढतोस?"

"तूच काढलंस. मोहरी टाकलीस."

"रीत हाय ती. मी नाय केली."

मग मी बोललो. "तिची कूस कोणी खाल्ली नव्हती. मी जव्हारला जाऊन नसबंदी केली होती. माझी. त्या दिवशी तुझ्या खळ्यावर तिला केस धरून बाहेर काढलंस तेव्हा सहा वर्षं झाली होती त्याला."

झोडणारे थांबले. फळीवरून दाणे घरंगळत होते तेवढाच आवाज. मला वाटलं आता हा पडेल. निदान मान तरी खाली घालेल. कारभाऱ्यानं काडीनं दात कोरला आणि म्हणाला, "ते मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तुझं ऑपरेशन. दवाखान्यातला शिपाई माझ्या मावशीचा जावई. तू टाके काढायला गेलास त्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं. गळू म्हणे!" आणि तो हसला.

"मग दाणे? मग ते सगळं कशाला केलंस?"

"माझ्या घरात मूल पडलं होतं. पाड्याला कोणीतरी दाखवायला लागतं. आणि ती बायांना शिकवून माजवत होती. तू उठला असतास आणि म्हणाला असतास की मी केलंय, तर मी काय करणार होतो? सोडायलाच लागलं असतं तिला. मी तुझ्याकडं बघत होतो, लहान्या. वाट बघत होतो तुझी. तू खाली काय बघत होतास रे एवढं?"

खळ्याच्या कडेला विळा पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं, खोटं सांगत नाही. कारभाऱ्यानंही बघितलं. पण माझे हात हलले नाहीत. कारण पहिला विळा कोणाला लागायला हवा होता ते मला त्या घटकेला कळलं होतं, आणि तो माणूस बाजेवर बसलेला नव्हता.

घरी आलो. चार दिवस चूल पेटवली नाही. शेजारीण भाकर ठेवून जायची, ती कुत्र्यानं खाल्ली. माणसाला दुसऱ्याचा राग असला की तो जगतो, कामाला जातो. स्वतःचा राग आला की नुसतं आढ्याकडे बघत पडावं लागतं.

पाचव्या दिवशी सकाळी दिनेश आला. मागं त्याची बायको सुनिता, कडेवर लहानगी, मोठी पोर पदराला. दिनेश उंबऱ्यावर बसला, नखानं माती उकरत.

"आजा, दुखतं का रे ते?"

"काय?"

"ते. तू केलंस ते."

"काटा मोडतो तेवढं."

"आणि जोर? जोर कमी होतो म्हणतात."

"तुझ्या आज्याच्या खळ्यावरची पोती कोण उचलतो?"

"तूच."

"मग कशाला विचारतोस गाढवा?"

सुनिता हसली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा कशाला आलाय, आणि माझ्या छातीत असा आनंद उठला की काय सांगू. कारभाऱ्याला पणतू पाहिजे होता. दोन्ही वेळेला मुलगी झाली म्हणून त्यानं देवाला बोकड बोलला होता. आणि त्याचा एकुलता एक नातू माझ्या उंबऱ्यावर बसून नसबंदीचं विचारत होता. मी मनात म्हटलं, बुधी, बघ. याला आजच घेऊन जातो. आत्ताच. जीप मिळाली नाही तर खांद्यावर टाकून नेतो.

आणि लगेच ती जीपमधली पोरगी आठवली, रेशनकार्डाला चाललेली.

नाइलाज झाला. दात आवळून विचारलं, "आज्यावर राग आहे म्हणून करतोस का?"

"राग हाय. पण त्याच्यासाठी नाय. हिच्या दुसऱ्या वेळेला ही गेलीच होती. मी बाहेर उभा होतो. मला परत तिथं उभं राहायचं नाय."

"सुनिता, तू सांगितलंस का याला?"

"मी माझंच करणार होते, आजा. ह्योच म्हणला, तू नको, मी करतो." मग नवऱ्याकडे बघून, "म्हणला तर खरं. गाडीत बसला म्हणजे खरा."

"चार दिवस विचार करा," मी म्हटलं. "मग या." हे बोलताना माझं किती नुकसान होत होतं ते मलाच माहीत. ते चार दिवस मी माझ्या खोपीत येरझाऱ्या घातल्या. तो येऊ नये असं एकदाही वाटलं नाही.

तो आला. धुतलेला शर्ट घालून, केसाला तेल लावून, सासुरवाडीला निघाल्यासारखा. आम्ही रस्त्यावर गेलो. जव्हारची जीप आली, गच्च भरलेली. बायका, टोपल्या, एक कोंबडा. आम्ही मागं लटकून बसलो. पुढच्या आंब्यापाशी जीप माणसं घ्यायला थांबली, आणि आंब्याखाली कारभारी बसलेला.

"दिनेश, कुठं चाललास? आणि ह्या लहान्याबरोबर?"

माझ्या तोंडात ते भरून आलं. इतक्या लोकांच्या देखत, मोठ्यानं, त्याच्या कानात ओतायचं होतं मला. पण ते माझं नव्हतं, पोराचं होतं. मी दिनेशकडे बघितलं. मला वाटलं हा पण खाली बघेल. बाजाराला चाललोय म्हणेल, दात दुखतो म्हणेल. आमच्या पाड्यावरच्या बाप्यांच्या रक्तातच आहे ते.

दिनेशनं खाली बघितलं नाही. "दवाखान्यात चाललो, आज्या. माझं ऑपरेशन करून घ्यायला. मला आता पोर नको."

जीपमध्ये कोणीतरी "आई गं" म्हणालं. कोंबडा धरलेली बाई खुदकन हसली. कारभाऱ्याची काठी हातातून सुटली आणि ती उचलायलाही तो वाकला नाही. तो नातवाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तोंड अर्धं उघडं. मी ते तोंड पोटभर बघून घेतलं. माणसानं खोटं का बोलावं, मला फार गोड वाटलं.

मग जीप हलली आणि मला दुसरंच जाणवायला लागलं. पोराला ते बोलायला किती वेळ लागला? ड्रायव्हरनं गिअर टाकेपर्यंतही नाही.